पडद्यातलं भोक

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

रात्री साडेअकराला हृदयाच्या टेस्टच्या रिपोर्टचा फोटो आणि खाली एवढंच, "सर, संपलं का सगळं?" संपलं काही नाही, ना तुझं स्कूबा डाइव्हिंग, ना पायलट व्हायचं स्वप्न. पण फोनवर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहितोय.

टेस्टच्या वेळी तुझं तोंड भिंतीकडे होतं, त्यामुळे स्क्रीनवर काय झालं ते तू पाहिलंच नाहीस. सिस्टरनं दोन सिरिंज जोडून सलाईन आणि जराशी हवा इकडून तिकडे घुसळली, ताकासारखी, आणि तो फेस तुझ्या हाताच्या शिरेत सोडला. हृदयाचा उजवा कप्पा पांढराशुभ्र झाला. मी म्हटलं, "कुंथ... आता सोड." सोडल्यावर तीन ठोक्यांच्या आत पंधरा-वीस ठिपके डाव्या कप्प्यात उतरले. तुझा पीएफओ, म्हणजे या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं भोक, तो एवढाच.

आईच्या पोटात सगळ्यांनाच हे भोक असतं. तिथं फुप्फुसांना काम नसतं, म्हणून रक्त आडवाटेनं जातं. जन्मल्यावर भोकावरची झडप मिटते आणि बहुतेकांची चिकटून जाते, पण साधारण चारात एकाची नाही चिकटत. खासबागेत कुस्त्या बघायला बसलेल्या माणसांतही तेवढेच निघतील, आणि त्यांतल्या बहुतेकांना ते मरेपर्यंत कळणारही नाही.

मग तुलाच का नडलं? पाण्यात दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो, श्वासातल्या हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो आणि वर येताना त्याचे बुडबुडे होतात. ते शिरांतून फुप्फुसात जाऊन गाळले जातात. झडप उघडली की मात्र गाळणी चुकवून थेट मेंदूकडे, कानाकडे, कातडीकडे. म्हणजे वैरी बुडबुडा आहे, भोक नव्हे.

आता मालवणचा तो दिवस आठव. तीन डाइव्ह. वर आल्यावर सगळ्यांचे सिलिंडर एकट्यानं होडीतून उतरवलेस, दम कोंडून. तालमीतला गडी ना तू! दम कोंडून जोर लावला आणि सोडला की उजव्या बाजूचा दाब क्षणभर चढतो आणि झडप उघडते. टेस्टमध्ये तुला कुंथायला लावलं ते त्यासाठीच. पोटावर जांभळी जाळी उमटली, गरगरलं, तरी ऊन लागलं असं समजून त्याच संध्याकाळी गाडी काढून फोंडाघाट चढलास. समुद्रावरून थेट सहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे बुडबुडे आणखी फुगायची सोय. त्या जाळीला तिथंच ऑक्सिजन हवा होता, आणि प्रेशर चेंबरच्या, म्हणजे दाब वाढवून बुडबुडे विरवायच्या खोलीच्या, डॉक्टरला फोन.

आता मेंदूच्या एमआरआयमधल्या दोन पांढऱ्या ठिपक्यांबद्दल. पूर्वी मी अशाच एका पोराला ठिपके दाखवून "मेंदूला मार बसलाय" म्हणालो होतो. त्याला अर्धशिशी होती, ठिपके बहुधा तिचेच. बिचारा वर्षभर धड झोपला नाही, ते माझ्या बोलण्यानं. पण हसण्यावारीही नेऊ नकोस. १९९७ साली जर्मनीत ८७ हौशी डाइव्हर तपासले. मेंदूत असे एकाहून जास्त डाग फक्त तिघांना निघाले आणि तिघांचीही भोकं मोठी होती. अमेरिकेच्या यू-२ या हेरविमानाच्या वैमानिकांतही, २०१३ च्या अभ्यासात, डागांची संख्या इतरांच्या जवळपास तिप्पट दिसली. पण ते ७० हजार फुटांवर उडतात आणि त्यांच्या केबिनमधला दाबही एव्हरेस्टच्या माथ्यावरचा वाटावा असा असायचा. तुझ्या प्रवासी विमानाची केबिन आठ हजार फुटांच्या आत असते. दोन्हींची गल्लत करू नकोस.

त्यामुळे पायलट व्हायचं स्वप्न गुंडाळू नकोस. फक्त क्लास वनच्या मेडिकलला, म्हणजे पायलटच्या वैद्यकीय तपासणीला, हे सगळं सांगायचं, रिपोर्टसकट. तुझा तो मित्र म्हणतो "विचारलं नाही तर सांगू नकोस". त्याचा सल्ला कुस्तीपुरता घे. आणि एकाहून जास्त डाइव्ह झाल्या की विमानात बसायला किमान १८ तास जाऊ द्यायचे.

भोक आताच बुजवून टाकू, असंही तुझं चाललंय. पायातल्या शिरेतून छत्रीसारखं डिव्हाइस बसवता येतं, पण त्याचेही धोके आहेत. शिवाय नंतर काही महिने थांबून भोक खरंच बंद झालंय हे पुन्हा तपासल्याशिवाय पाण्यात जाता येत नाही. माझा कल आधी उथळ, कमी वेळाच्या डाइव्हकडे आहे. वर येताना ५ मीटरवरचा थांबा लांबवायचा, आणि वर आल्यावर किमान तीन तास जड काही उचलायचं नाही. पण हे समोरासमोर बसून ठरवू. तोवर पाण्यात पाय घालायचा नाही, पर्यटकांनी कितीही गळ घातली तरी.

शनिवारी चारनंतर ये. लॉगबुक आणू नकोस, त्यात तू खोली दोन-तीन मीटरनं कमी लिहितोस हे मला माहीत आहे. डाइव्ह कॉम्प्युटरच आण.

तुझा,
सर