आजीच्या २००४ साली छापलेल्या पुस्तकाची पीडीएफ आहे. अंध वाचकांसाठी ती कुणाकडून वाचून रेकॉर्ड करून घेऊ का?

रेकॉर्डिंग करा, पण नंतर. आधी त्या पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा.

स्वच्छ मराठी उमटली तर तुम्ही नशीबवान. पण पुस्तक २००४ साली छापलंय म्हणताय, म्हणजे बहुतेक रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं यांची खिचडी दिसेल. तेव्हाचं डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर होणारी अक्षरजुळणी, श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये व्हायचं. पडद्यावर 'क' दिसला तरी संगणकाच्या लेखी तिथे भलतंच चिन्ह असतं, त्याला 'क'चं चित्र चढवलेलं. डोळस माणसाचं चित्रावर भागतं. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, मात्र खालचं चिन्ह वाचतो.

मी बारा वर्षं डीटीपी केलं आणि हे मला कळलं एका अंध गुरुजींमुळे. आमच्या गावाच्या इतिहासाची पीडीएफ मी हौसेनं पाठवली होती. त्यांनी फोन स्पीकरजवळ धरून मला मिनिटभर ती बडबड ऐकवली आणि विचारलं, "हे कुठलं गाव म्हणायचं?"

नोटपॅडमध्ये काहीच आलं नाही, तर पानं नुसती स्कॅन केलेली आहेत. फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, मराठी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, बऱ्यापैकी होतं. खिचडी आली तर युनिकोड कन्व्हर्टर वापरा, तो जुन्या फॉन्टची चिन्हं सगळ्या संगणकांना कळणाऱ्या खऱ्या मराठी अक्षरांत बदलतो. खरं काम त्यानंतरचं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, म्हणून 'पाहिजे'चं 'पािहजे' होऊन बसतं. रफार शेजाऱ्याच्या डोक्यावर जातो, 'दुसऱ्या'तला 'ऱ्या' तुटतो. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर घ्या आणि मुद्रितशोधन कानांनी करा. डोळ्यांतून निसटलेली चूक कानाला टोचते.

मग वर्डमध्ये प्रकरणांच्या नावांना हेडिंग स्टाइल द्या. नुसतं ठळक केलेलं नाव स्क्रीन रीडरला शीर्षक वाटत नाही, त्यामुळे वाचकाला थेट सातव्या प्रकरणावर उडी मारता येत नाही. फोटोंना वर्णन लिहा. 'छायाचित्र ३' लिहून काय उपयोग? 'नऊवारीतली आजी जात्यावर बसलीय, मांडीवर मूल' असं लिहा. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवायला विसरू नका, नाहीतर हिंदी आवाज वाचायला बसतो आणि 'चिमणीची चोच' म्हणताना सगळे 'च' चिमणीतलेच होतात.

शेवटी सुलभ पुस्तकांसाठी काम करणाऱ्या डेझी कन्सॉर्शियम या संस्थेच्या 'वर्डटूईपब' या मोफत साधनानं ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, बनवा. ईपबमध्ये अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात. अधू नजरेच्या माणसाला पीडीएफची पानं आडवी सरकवत बसावं लागतं, ते टळतं. शिवाय शुद्ध मजकुरातून आवाज, मोठी अक्षरं, ब्रेल असं सगळं निघतं. रेकॉर्डिंगमधून फक्त रेकॉर्डिंग.

पुस्तक पोचवायला २०१६ साली सुरू झालेलं 'सुगम्य पुस्तकालय' हे अंध वाचकांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय आहे, तिथे विचारा. हक्क तुमच्या घरातच असतील तर अडचण येऊ नये. दुसऱ्याच्या पुस्तकालाही कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनं अपंग वाचकांसाठी सुलभ प्रत करायची मुभा दिलीय, अर्थात नफ्यासाठी नाही.

कन्व्हर्टर शोधण्याआधी पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये 'फॉन्ट्स' उघडून फॉन्टचं नाव बघा. कुठल्या चिन्हाला कुठलं अक्षर, ही किल्ली प्रत्येक फॉन्टची वेगळी असते. नाव इथे लिहा, मग पुढचं सांगतो.