वाचकांचे प्रश्न : पोलादाचे उत्पादन वाढते, मग भट्ट्या का विझतात?

प्रश्न : सळईचा भाव पडला की आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या काही भट्ट्या बंद होतात आणि कामगारांच्या पाळ्या कमी होतात. वर्तमानपत्रात मात्र देशाचे पोलाद उत्पादन वाढल्याच्या बातम्या येतात. मग मंदी आहे की नाही, आणि या धंद्याचे पुढे काय होणार? – एक वाचक, जालना

उत्तर : बातमी खरी आहे आणि आपल्याला दिसते तेही खरे आहे. भारतीय पोलाद उद्योगातली मंदी टनांच्या आकड्यांत क्वचितच उमटते. ती भावात, कर्जाच्या हप्त्यात आणि लहान कारखान्यांच्या पाळ्यांत दिसते. 2009 साली जगाचे कच्च्या पोलादाचे उत्पादन सुमारे 8 टक्क्यांनी घटले, तर भारताचे आदल्या वर्षीच्या सुमारे 5.8 कोटी टनांवरून 6.3 कोटी टनांच्या पुढे गेले. तरीही 2008 च्या मध्यास जागतिक बाजारात टनाला हजार डॉलर ओलांडलेला हॉट रोल्ड कॉइलचा, म्हणजे गरम लाटून गुंडाळलेल्या पोलादी पत्र्याचा, भाव वर्षअखेरीस निम्म्यावर आला आणि महागातला कच्चा माल भरून ठेवलेल्यांचे कंबरडे मोडले.

उत्पादन का घटत नाही, याचे उत्तर भट्टीच्या रचनेत आहे. लोहखनिज आणि कोक (कोकिंग कोळसा भाजून केलेले इंधन) यांवर चालणारी मोठी झोतभट्टी वर्षानुवर्षे अखंड पेटती ठेवावी लागते. ती मध्येच थंड झाली तर आतला रस गोठतो आणि दुरुस्तीचा खर्च अवाढव्य होतो, म्हणून तोटा सोसूनही मोठा कारखाना माल काढत राहतो. जालन्यातली विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी भंगार आणि स्पंज आयर्न (खनिज न वितळवता त्यातून काढलेले सच्छिद्र लोखंड) वितळवते आणि ती बटण दाबून थांबवता येते. तिला एक टन धातू वितळवायला साधारण 600 युनिट वीज लागते, म्हणजे युनिटमागे एक रुपया वाढला तरी टनामागे सहाशे रुपये वाढतात. सळईचा भाव पडलेला असताना हे सहाशे रुपये कोणाकडून काढायचे, हा मालकापुढचा खरा प्रश्न असतो. शिवाय पडत्या बाजारात मोठ्या कंपन्यांच्या आणि लहान मिलच्या सळईतले भावाचे अंतर कमी होते, त्यामुळे गिऱ्हाईक थोडे जास्त मोजून नावाजलेला माल घेते. थांबवता येणारी भट्टीच आधी थांबते आणि बाजाराचा सगळा भार तिच्या कामगारांवर येतो, हे मला फार अन्यायाचे वाटते.

या वेळचे संकट 2015-16 च्या संकटाशी जुळणारे आहे. तेव्हा चीनमधली मागणी मंदावली आणि त्या देशाची पोलाद निर्यात वर्षाला 11 कोटी टनांच्या पुढे गेली; 2024 मध्ये ती पुन्हा त्याच पातळीवर पोहोचली. फेब्रुवारी 2016 मध्ये केंद्राने 173 प्रकारच्या मालावर किमान आयात किंमत, म्हणजे जिच्या खाली माल आयात करता येत नाही अशी किंमत, ठरवली, पण तोवर कर्जे थकली होती. जून 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने दिवाळखोरी प्रक्रियेसाठी निवडलेल्या 12 मोठ्या थकीत कर्जखात्यांपैकी पाच पोलाद कंपन्यांची होती. त्यांतली भूषण स्टील 2018 मध्ये टाटा स्टीलकडे, तर एस्सार स्टील 2019 मध्ये आर्सेलर मित्तल आणि निप्पॉन स्टील यांच्याकडे गेली. मालक बदलले, पण भट्ट्या चालू राहिल्या. लहान भट्टीवाल्याच्या दारात असा खरेदीदार सहसा येत नाही.

एप्रिल 2025 मध्ये केंद्राने आयातीवर 12 टक्के तात्पुरते संरक्षण शुल्क लावले, पण ते कॉइल आणि पत्र्यासारख्या सपाट मालावर होते. सळईला त्याचा थेट आधार मिळाला नाही.

दूरचे चित्र आशादायक आहे, असे माझे मत आहे. भारतात दरडोई पोलादाचा वापर वर्षाला सुमारे 100 किलो आहे आणि जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक आहे, त्यामुळे मागणी वाढण्यास भरपूर वाव आहे. 2017 च्या राष्ट्रीय धोरणाने 2030-31 पर्यंत 30 कोटी टन क्षमतेचे लक्ष्य ठेवले आहे. मात्र झोतभट्टीला लागणारा कोकिंग कोळसा आपण बहुतांशी आयात करतो, आणि युरोपीय संघाचा कार्बन शुल्काचा नियम जानेवारी 2026 पासून पूर्णपणे लागू झाल्यामुळे कोळशावर बनवलेला माल तिकडे विकणे अवघड होत जाईल. भंगारावर चालणाऱ्या भट्टीला इथे संधी आहे, पण तिला स्वस्त आणि शक्य तितकी सौर वीज आणि जुन्या वाहनांचे नीट वेगळे केलेले भंगार मिळाले पाहिजे. ही सोय न होता केवळ देशाची मागणी वाढली, तर तिचा लाभ मोठ्या कारखान्यांनाच होईल.

प्रश्न : मला घर बांधायचे आहे. मंदी आहे तर सळई आणखी स्वस्त होण्याची वाट पाहावी का? – एक वाचक, परभणी

उत्तर : पावसाळ्यात बांधकामे मंदावतात, तेव्हा भाव बहुधा नरम असतो, त्याहून लांबचा अंदाज बांधून काम अडवून ठेवू नये. मंदीत वजनाने हलका माल बाजारात येण्याची भीती वाढते, त्याकडे अधिक लक्ष द्यावे. सळईवर आयएस 1786 या सळईसाठीच्या भारतीय मानकाचे चिन्ह आहे का, ते पाहावे. 12 मिलिमीटरच्या सळईचे वजन मीटरला 0.888 किलो असते, म्हणजे 12 मीटर लांबीचा नग सुमारे 10.66 किलो भरायला हवा. मानकात थोडी तफावत मान्य आहे, पण नग दहा किलोंच्याही खाली भरला तर तो माल उतरवून घेऊ नये.