विज्ञानाच्या बातम्यांची थट्टा करणे हा विज्ञानाचा अनादर आहे का?

तुम्ही विचारले आहे की, एखाद्या शोधाची किंवा अंतराळ मोहिमेची बातमी सकाळी आली की दुपारपर्यंत तिच्यावर विनोद सुरू होतात. तुम्ही स्वतः भौतिकशास्त्राचे विद्यार्थी असल्यामुळे तुम्हाला त्याचा संताप येतो. तर या प्रकाराला अज्ञान म्हणावे की अनादर? माझ्या मते बहुतेक वेळा तो या दोहोंपैकी काहीच नसतो. मात्र विनोद नेमका कोठे बसला आहे, ते पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

माझा अधिकार फार मोठा नाही. भोसरीतल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन विभागात मी एकतीस वर्षे काढली आणि आता निवृत्त आहे. कोथरूडमधल्या एका अमृततुल्यात गेली वीस वर्षे दर रविवारी सकाळी आमचा कट्टा भरतो. त्यात भौतिकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांना आम्ही सर म्हणतो. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, त्यांना बँकवाले म्हणतो. आणि हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण आहे, त्याला अजूनही 'अरे' म्हणतो. पितळी पातेल्यात दुसरा चहा उकळायला लागेपर्यंत राजकारण संपते आणि विज्ञानाची बातमी निघते, हा आमचा जवळजवळ नियम आहे.

सप्टेंबर २०११ मधला एक रविवार मला चांगला आठवतो. न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशापेक्षा वेगाने धावले, अशी बातमी दोनच दिवसांपूर्वी आली होती. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतून निघालेले हे कण जमिनीच्या पोटातून सुमारे ७३० किलोमीटर जाऊन इटलीतल्या ग्रान सासो येथील उपकरणात सापडत, आणि ते अपेक्षेपेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचत आहेत, असे 'ऑपेरा' नावाच्या गटाचे मोजमाप होते. ६० नॅनोसेकंदांत प्रकाश जेमतेम १८ मीटर जातो, परंतु प्रकाशापेक्षा वेगाने काही जाऊ शकत नाही म्हणणारा आइन्स्टाइन तेवढ्याने खोटा ठरणार होता. बँकवाले म्हणाले, "म्हणजे आता गाडी सुटायच्या आधी स्टेशनात पोहोचणारी." तरुणाचे म्हणणे असे की, या न्यूट्रिनोंना निदान उशिरा आल्याबद्दल साहेबाची बोलणी खावी लागणार नाहीत. सर मात्र त्या दिवशी गंभीर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले तेव्हा मी म्हणालो, "कुठेतरी वायर ढिली असेल, दुसरे काय!"

सगळे हसले. पुढे फेब्रुवारी २०१२ मध्ये समजले की खरोखरच एक जोड ढिला होता. जीपीएसचे वेळेचे संकेत जमिनीखालच्या मुख्य घड्याळापर्यंत नेणाऱ्या ऑप्टिकल फायबरचा कनेक्टर पूर्ण घट्ट बसलेला नव्हता. तो नीट न बसल्यामुळे पलीकडे पोहोचणारा प्रकाश मंद पडे, मंद प्रकाशाने संकेत घेणारे सर्किट ठरलेल्या पातळीपर्यंत यायला किंचित वेळ लागे, आणि त्या विलंबामुळे कणांचा प्रवास होता त्यापेक्षा कमी वेळाचा दिसे. घड्याळातला आणखी एक छोटा दोष उलट दिशेने काम करत होता, म्हणून सगळी चूक एकदम उघडी पडली नाही. मार्चमध्ये त्याच ठिकाणच्या दुसऱ्या एका प्रयोगाने न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशाच्या वेगाशी जुळतो असे दाखवले. कट्ट्यावर मला आठवडाभर शास्त्रज्ञाचा मान मिळाला. तो मान खोटा होता, हे मी तेव्हाही सांगितले होते. कारण रीडिंग वेडेवाकडे आले की आधी जोड तपासायचा ही आमच्या धंद्यातली सवय आहे आणि घरचा फ्रीज बंद पडला तरी मी हेच वाक्य बोलतो. परंतु तुमच्या प्रश्नासाठी महत्त्वाचे ते असे की तो विनोद न्यूट्रिनोंवर नव्हता आणि आइन्स्टाइनवरही नव्हता, तो मोजमापावर होता. ऑपेराच्या लोकांनीही पहिल्याच दिवशी तेच सांगितले होते की आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधून पाहा. त्यांनी ते सभ्य भाषेत सांगितले, मी चहाच्या टेबलावर सांगितले, एवढाच फरक.

आता उलट बाजूचे उदाहरण देतो, म्हणजे विनोद छान असतो पण जमाखर्चात चुकतो. मंगळयानाला सुमारे ४५० कोटी रुपये लागले आणि त्याचा प्रवास सुमारे ६५ कोटी किलोमीटरचा झाला, म्हणजे किलोमीटरला सात रुपये, रिक्षापेक्षा स्वस्त. हा हिशेब २०१४ मध्ये पंतप्रधानांच्या भाषणातही आला आणि आमच्या बँकवाल्यांच्या तोंडीही होता. त्यांनी त्यात "आणि मंगळावर जायला नाही म्हणाला नाही" अशी पुणेरी भर घातली होती. पुण्यात रिक्षावाल्याचा नकार पचवलेल्या कोणालाही ही भर आवडेल. पण सरांनी ती तशी सोडली नाही. ते म्हणाले, "अहो, किलोमीटरवर भाडे लावलेत तिथेच चुकलात." अवकाशात किलोमीटरला फारसा खर्च पडत नाही, सगळा खर्च पृथ्वीच्या ओढीतून वर चढण्यात असतो. मंगळयानाने १ डिसेंबर २०१३ रोजी पृथ्वीची कक्षा सोडली आणि थ्रस्टर म्हणजे छोट्या इंजिनांनी केलेली दिशेची किरकोळ दुरुस्ती वगळता त्याचे मुख्य इंजिन जवळजवळ ३०० दिवस बंदच होते. २२ सप्टेंबर २०१४ रोजी ते चार सेकंद चालवून पाहिले आणि २४ तारखेला मंगळाच्या कक्षेत शिरण्यासाठी खऱ्या अर्थाने पेटवले.

हे ऐकून मी म्हणालो की, मग याला रिक्षा कशाला म्हणता, आपण तरुणपणी पेट्रोल वाचवायला कात्रजच्या घाटात स्कूटरचे इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडत होतो, तसे हे आहे. सरांनी तेही पूर्ण मान्य केले नाही, कारण सूर्याच्या दृष्टीने मंगळाकडे जाणे हा चढच आहे, आणि यान सुरुवातीला घेतलेल्या वेगावर तो चढत राहते. तेव्हा दुरुस्त झालेला विनोद असा झाला की स्वारगेटला एकदाच गाडी पिळायची, इंजिन बंद करायचे आणि तेवढ्या जोरावर घाटमाथा गाठायचा. माझ्या माहितीप्रमाणे हे कोणत्याही स्कूटरला जमलेले नाही. पण त्या सकाळी टेबलावरच्या प्रत्येकाला कक्षांतर, म्हणजे एका कक्षेतून दुसरीत जाणे, काय असते ते कळले, ते शाळेत कळले नव्हते.

अनादराचा तुमचा मुद्दा सर्वांत तीव्रपणे २०१९ मध्ये पुढे आला असणार. ७ सप्टेंबरच्या पहाटे चंद्रयान-२ चा विक्रम लँडर उतरत असताना चंद्रापासून २.१ किलोमीटर उंचीवर संपर्क तुटला. देश जागा होता आणि लोक खरोखर खिन्न होते. दोन दिवसांनी नागपूर पोलिसांनी लिहिले की, विक्रमा, प्रतिसाद दे, सिग्नल तोडल्याबद्दल आम्ही तुझी पावती फाडणार नाही. तेव्हा वाहतूक दंडाच्या नव्या, चढ्या रकमांची चर्चा घराघरात चालू होती, म्हणून कोटी दुहेरी बसली. काटेकोरपणे पाहिले तर सिग्नल विक्रमने तोडला नव्हता, विक्रमचाच तुटला होता. पण ही तक्रार करणारा माणूस कट्ट्यावर नको. मला त्यात अनादर अजिबात दिसला नाही. विक्रम साराभाईंचे नाव दिलेल्या त्या यंत्राला लोक घरातून निघून गेलेल्या मुलासारखे 'परत ये, कोणी रागावणार नाही' म्हणत होते. ज्याच्याशी आपले काही नाते नाही, त्याच्याशी कोणी असे बोलत नाही.

तज्ज्ञ मंडळीही आपसात हेच करतात, आणि ते अधिक शिस्तीत करतात. १ एप्रिल १९९० रोजी इंटरनेटच्या मानकांच्या मालिकेत एक मानक प्रसिद्ध झाले, ते कबुतरांकरवी डेटा पाठवण्याविषयी होते, आणि त्याची भाषा, मांडणी, क्रमांक सारे खऱ्या मानकासारखे होते. २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनच्या हौशी लोकांनी ते प्रत्यक्षात करून पाहिले. नऊ संदेश पाठवले, चारांची उत्तरे आली. तरुणाने हे सांगितल्यावर बँकवाले म्हणाले की, त्यांच्या सोसायटीच्या डक्टमधली कबुतरे कामाला लावली तर नेटचे बिल वाचेल.

पण माझी स्वतःची एक चूक सांगितली नाही तर हे उत्तर एकतर्फी होईल. सप्टेंबर २००८ मध्ये सर्नचे कणांची टक्कर घडवणारे २७ किलोमीटर परिघाचे यंत्र सुरू होणार होते आणि त्यातून कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळली जाईल, असे काही वाहिन्या दिवसभर ओरडत होत्या. ९ तारखेच्या संध्याकाळी शेजारची चौथीतली मुलगी जिन्यात गृहपाठाची वही घेऊन बसली होती. मी जाता जाता म्हणालो, "कशाला करतेस, उद्या पृथ्वीच राहणार नाही." मला ते वाक्य गमतीचे वाटले होते. रात्री अकराला तिची आई दारात आली. मुलगी जेवली नव्हती, झोपत नव्हती आणि काकांनी सांगितले म्हणून रडत होती. मी वर गेलो, तिच्या पलंगाशी बसून माफी मागितली आणि समजावले की, अंतराळातून येणारे विश्वकिरण याहून जास्त जोराने रोज आपल्या हवेवर आदळत असतात आणि तरीही पृथ्वी जागेवर आहे. तिने विचारले, "मग तुम्ही खोटे का बोललात?" माझ्याकडे उत्तर नव्हते. यंत्र १० तारखेला सुरू झाले आणि १९ तारखेला बंद पडले. दोन चुंबकांमधला एक विद्युत जोड सदोष होता, तो तापला, हेलियम गळाले आणि दुरुस्तीत वर्षाहून अधिक काळ गेला. पुन्हा जोडच! पण तो विनोद मी जिन्यात केला नाही.

तेव्हा तुम्हाला राग यायचाच असेल तर अशा ठिकाणी यावा, जेथे ऐकणाऱ्याकडे तपासायला काहीच साधन नाही आणि बोलणाऱ्याला ते ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेत जीपीएस चिप आहे, ती जमिनीखालूनही ठिकाण कळवते, हे असेच पसरले. जीपीएसचा रिसीव्हर उपग्रहांकडून फक्त ऐकतो, स्वतः कोणाला काही कळवत नाही, आणि बॅटरीशिवाय कागद बोलणार तरी कसा, एवढा साधा विचार कोणी केला असता तर ती उत्तम थट्टा ठरली असती. हसू गळून पडले आणि बातमी उरली. आमच्या बँकवाल्यांना त्या महिन्यात नातेवाइकांचे किती फोन आले, ते त्यांनी मोजले नाहीत.

बाकीच्यांच्या बाबतीत मी एक करतो, तुम्हीही करून पाहा. विनोद करणाऱ्याला रागावण्याऐवजी "म्हणजे नेमके झाले काय?" एवढेच विचारावे. ज्याला ठाऊक असते तो लगेच चहाचा कप आणि बशी सरकवून समजावू लागतो.

२३ ऑगस्ट २०२३ हा बुधवार होता, तरी आम्ही संध्याकाळी अमृततुल्यात जमलो. तरुणाचा फोन बरणीला टेकवून ठेवला होता आणि चंद्रयान-३ उतरत असताना चहावाल्यानेही शेगडी बारीक केली होती. सहा वाजून चार मिनिटांनी यान उतरेपर्यंत कोणी एक शब्द बोलले नाही, बँकवाल्यांनीही नाही. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत 'भारत दक्षिण ध्रुवावर' असे होते. रविवारी सरांनी वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला की, उतरण्याची जागा ६९ दक्षिण अक्षांशावर आहे, चंद्रावर एक अंश म्हणजे साधारण ३० किलोमीटर, तेव्हा ध्रुव अजून ६०० किलोमीटरांहून दूर राहिला. इतक्या दक्षिणेला यापूर्वी कोणी अलगद उतरलेले नव्हते, हे मात्र खरे. बँकवाल्यांनी तो कागद आपल्याकडे ओढला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "जाहिरात लिहिणारा नक्की आपल्याकडचा बिल्डर असणार. हैदराबादच्या पलीकडे प्लॉट पाडलाय आणि लिहिलंय, पुण्याला लागूनच."