रबाळ्यातल्या लहान कारखान्याने अंतराळ क्षेत्राच्या भरवशावर यंत्र घ्यावे का?

तुम्ही विचारले आहे की नवी मुंबईतील रबाळे एमआयडीसीत तुमचे लहानसे सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या कापकाम यंत्रांचे) वर्कशॉप आहे, आजवर मोटारींचे सुटे भाग केले, आणि आता अंतराळ क्षेत्र खासगी उद्योगांना खुले झाल्यामुळे कर्ज काढून फाइव्ह-ॲक्सिस मशीन (पाच अक्षांवर फिरून अवघड आकार कापणारे यंत्र) घ्यावे का. मी महापे येथे यंत्रभागांच्या तपासणी विभागात काम करतो आणि उपग्रह व रॉकेटसाठी जाणारे काही भाग आमच्याकडे तपासले जातात. त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की काम निश्चित मिळू शकते, परंतु निदान पहिली काही वर्षे तरी या कामातून मशीनचे हप्ते फिटणार नाहीत.

कारण नगांच्या संख्येत आहे. भारतातून होणारी वर्षाची उड्डाणे अजून एक आकडीच आहेत. एखादा ब्रॅकेट एका रॉकेटमध्ये आठ ठिकाणी लागतो असे धरले, तरी वर्षभराची मागणी पन्नास-साठ नगांच्या आसपास थांबते, आणि मोटारीच्या कामात एवढे नग तुमचे मशीन एका पाळीत काढत असेल.

क्षेत्र खुले झाले आहे ही बातमी मात्र पोकळ नाही. २०२० मध्ये खासगी अंतराळ उद्योगांना परवानगी देणाऱ्या इन-स्पेस या सरकारी संस्थेची घोषणा झाली, २०२३ मध्ये अंतराळ धोरण आले आणि २०२४ मध्ये सुटे भाग बनवण्याच्या उद्योगात शंभर टक्के परकीय गुंतवणुकीस थेट मुभा मिळाली. स्कायरूट या खासगी कंपनीचे विक्रम-एस रॉकेट नोव्हेंबर २०२२ मध्ये, तर अग्निकुल या दुसऱ्या खासगी कंपनीचे चाचणी रॉकेट मे २०२४ मध्ये श्रीहरिकोटाहून उडाले. यातील दुसऱ्याचे इंजिन थ्रीडी प्रिंटिंगने एकसंध बनवलेले होते, आणि ज्याचे पोट मशिनिंगवर आहे त्याने ही गोष्ट नजरेआड करू नये. लहान उपग्रह वाहून नेणाऱ्या इस्रोच्या एसएसएलव्ही रॉकेटचे तंत्रज्ञान घेण्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सने २०२५ मध्ये ५११ कोटी रुपयांची बोली जिंकली. अर्थात या सर्वांची गाठ स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीशी आहे. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटने फेब्रुवारी २०१७ मध्ये एका उड्डाणात १०४ उपग्रह सोडण्याचा विक्रम केला होता. जानेवारी २०२१ मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन-९ ने १४३ सोडले, तेही पुन्हा वापरलेल्या पहिल्या टप्प्यावर. वाहतुकीचे दर असे खाली आले की लहान रॉकेट बनवणाऱ्याच्या हातात फारसा नफा उरत नाही, आणि तो दाब शेवटी जॉब वर्क करणाऱ्यापर्यंत येतो.

आता कामाच्या स्वरूपाविषयी सविस्तर लिहितो, कारण नवे पुरवठादार बहुतेक येथेच अडखळताना मी पाहतो. सळईच्या एका टोकावर हीट नंबर, म्हणजे तो धातू कोणत्या वितळणीतला हे सांगणारा क्रमांक, ठोकलेला असतो. कामगाराने ते टोक आधी कापले आणि उरलेल्या तुकड्यांवर नंबर उतरवून घेतला नाही, तर माप मायक्रॉनपर्यंत अचूक असले तरी त्या तुकड्यांपासून केलेले सर्व नग नाकारले जातात. कारण तो धातू नेमका कोणत्या टेस्ट सर्टिफिकेटचा, हे पुढे कोणीही सिद्ध करू शकत नाही. दुरुस्तीला वर अंतराळात कोणी जाऊ शकत नसल्यामुळे ग्राहक तुमच्याकडून भागाबरोबर त्याचा पूर्ण इतिहास विकत घेतो, आणि तो ठेवण्याची शिस्त बसवणे मशीन बसवण्यापेक्षा पुष्कळ कठीण आहे.

निर्वातामुळेही नियम बदलतात. आपल्या पट्ट्यात सहज करून मिळणारे झिंक प्लेटिंग (जस्ताचा मुलामा) उपग्रहाच्या भागावर चालत नाही, कारण निर्वातात जस्ताची वाफ होते आणि ती भिंगांवर किंवा सौर पट्ट्यांवर जाऊन बसू शकते. आंधळ्या (आरपार नसलेल्या) भोकात आटे पाडले असतील तर स्क्रूखाली अडकलेली हवा बाहेर पडण्यास वाट ठेवावी लागते. प्लॅस्टिक व चिकटद्रव्ये निर्वातात १२५ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवून तपासतात. वजनातील घट साधारणपणे १ टक्क्याच्या आत असावी लागते. खाडीच्या दमट, खारट हवेत स्टीलचे तयार भाग रात्रभर उघडे ठेवण्याची सवयही तुम्हाला मोडावी लागेल.

माझी मनापासून शिफारस अशी आहे की सुरुवात उडणाऱ्या भागांपासून करू नये. या व्यवसायातील मोठा पैसा उड्डाणांत नसून उपग्रह सेवा आणि जमिनीवरील उपकरणांत आहे. अँटेनाचे आधार, जुळणीच्या वेळी भाग धरून ठेवणारी फिक्स्चर्स, कंपन चाचणीसाठी लागणाऱ्या प्लेट्स, उपग्रह हलवण्याच्या ट्रॉल्या ही कामे तुमच्या आजच्या मशीनवर होऊ शकतात, त्यांचे नियम तुलनेने सौम्य असतात आणि त्यातून ग्राहकाला तुमच्या कागदपत्रांची पारख करता येते.

काम मागण्यासाठी थेट इस्रोकडे जाण्याची गरज नाही. ऐरोली पूल ओलांडला की विक्रोळीला गोदरेजचा कारखाना आहे, जेथे इस्रोच्या रॉकेटांची विकास इंजिने तयार झाली. पवईत लार्सन अँड टुब्रो आहे, आणि रॉकेट मोटारींची आवरणे बनवणारी वालचंदनगर इंडस्ट्रीज इंदापूर तालुक्यात आहे. अशा मोठ्या कंपन्यांना आणि त्यांच्या पुरवठादारांना लहान जॉब बाहेरून करून घ्यावे लागतात. त्यांच्याकडे जाताना एएस ९१०० या विमान व अंतराळ उद्योगातील गुणवत्ता प्रमाणपत्राची तयारी सुरू केलेली असावी आणि हाती एखाद्या नमुना भागाची संपूर्ण फाइल असावी: कच्च्या मालाचे सर्टिफिकेट, प्रत्येक टप्प्याची नोंद, सीएमएम या मोजमाप यंत्राचा अहवाल. पहिला नग मंजूर होऊन नियमित ऑर्डर येईपर्यंत सहज वर्ष जाऊ शकते, आणि तोवर कामगारांचे पगार मोटारींच्या कामातूनच निघायला हवेत. त्यामुळे फाइव्ह-ॲक्सिस मशीन तूर्त घेऊ नका. तसे काम आलेच तर पहिले काही नग शेजारच्या कारखान्यातून करून घ्या, मात्र त्यांच्या साठवणीत तुमची सळई मिसळणार नाही याची लेखी व्यवस्था आधी करा.