डिमेन्शिया झालेले सासरे आंघोळीच्या वेळी मारतात, चावतात. घरच्यांना शिकवणारा एखादा दोन तासांचा ऑनलाइन कोर्स सुचवाल का?

दोन तासांच्या व्याख्यानातून आजाराची माहिती मिळते, हातांची सवय बदलत नाही. आणि आंघोळीतली मारामारी बहुतेक वेळा सांभाळणाऱ्याच्या हातांपासून सुरू होते. त्यामुळे कोर्स निवडताना एवढंच बघा: शिकवणारा तुमच्याकडून प्रत्यक्ष करून घेतो का, आणि आठवड्याभराने काय जमलं, काय फसलं हे विचारतो का? नुसत्या स्लाइड दाखवून प्रमाणपत्र देणाऱ्यांच्या नादी लागू नका.

आता आंघोळ. त्यांच्या बाजूने बघा: अंगावरचे कपडे कुणीतरी काढतंय, कोण ते नीट ओळखू येत नाही, गार वाटतंय आणि अचानक डोक्यावरून पाणी. या आजारात नजरेचा पट्टा अरुंद होतो, बाजूने आलेला हात दिसतच नाही, एकदम अंगावर पडतो. ते स्वतःचा बचाव करत असतात.

म्हणून तयारी त्यांना आणण्याआधी पूर्ण हवी. बाथरूम उबदार, दिवा लख्ख, पाठ असलेली खुर्ची, पाणी आधीच कालवून ठेवलेलं, साधारण ३७ ते ४० अंश. आरसा झाका, त्यात त्यांना परका माणूस दिसू शकतो. काळी पायपुसणी उचला, ती खड्ड्यासारखी दिसते आणि माणूस दारातच अडतो.

जाताना समोरून जा, चार पावलांवर थांबा, हाक मारा, त्यांनी बघितलं की मगच जवळ जाऊन किंचित बाजूला, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर या. ‘आंघोळ करायची का?’ असं विचारलंत की उत्तर ‘नाही’ येणार, आणि मग त्या नकाराशी झगडत बसावं लागतं. त्यापेक्षा टॉवेल हातात द्या आणि ‘चला’ म्हणा. एका वेळी एकच सूचना. सांगून झालं की निदान दहा सेकंद गप्प राहा. पुन्हा सांगायचं तर तेच शब्द वापरा. शब्द बदललेत की मेंदूला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दोघं जण असाल तर बोलायचं एकानेच.

मोठा टॉवेल खांद्यांवरून मांडीपर्यंत पांघरा आणि तो शेवटपर्यंत काढू नका; धुवायचा भाग तेवढाच उघडा करा. पाणी पायांपासून वर. शॉवरचा फवारा आणि आवाज दोन्ही त्रासदायक, तांब्याची किंवा हँडशॉवरची हळू धार बरी. तोंड सगळ्यात शेवटी. केस त्याच दिवशी धुतलेच पाहिजेत असं काही नाही. त्यांच्या हातात स्पंज द्या: त्यांना काम मिळतं, आणि हातात काही धरलेलं असलं की मारायला हात कमी उठतो.

रोज आंघोळ हवीच हा हट्ट सोडा. आठवड्यातून दोन-तीनदा पुरते. बाकीच्या दिवशी तोंड, हात, काखा, जांघा आणि बैठकीची जागा पुसा. तेही जमत नसेल तर पलंगावरच टॉवेल-आंघोळ: न धुता चालणारा साबण घातलेल्या कोमट पाण्यात मोठा टॉवेल बुडवून पिळायचा, अंगावर पसरायचा आणि त्यावरूनच हळूहळू चोळायचं. २००४ साली अमेरिकेतल्या १५ नर्सिंग होममध्ये केलेल्या अभ्यासात, अशा टॉवेल-आंघोळीने आणि माणसाच्या कलाने घातलेल्या शॉवरनेही, आंघोळीतले आक्रमक प्रकार निम्म्याहून जास्त घटले होते.

घरातल्या प्रत्येकाला थांबायचं कधी हे कळलं पाहिजे. जबडा आवळणं, मूठ वळणं, हात मागे ओढणं, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणणं. यातलं काहीही दिसलं की हात काढा, अंग झाका, एक पाऊल मागे. ते पडणार नाहीत, पाण्याजवळ एकटे राहणार नाहीत एवढं बघा आणि वीस मिनिटांनी, झालेल्या प्रकाराचा उल्लेखही न करता, पुन्हा सुरुवात करा. ‘झालंच, आता दोनच मिनिटं’ असं म्हणत रेटता ना, चावा त्याच दोन मिनिटांत बसतो.

मनगट पकडलं तर ओढू नका. त्यांच्या अंगठ्याच्या दिशेने वळवून सोडवा. केस पकडले तर त्यांचा हात दोन्ही हातांनी स्वतःच्या डोक्यावर दाबून धरा, म्हणजे हिसका बसत नाही. हे आधी घरातल्या सगळ्यांनी एकमेकांवर करून बघा. ऐन वेळी आठवून काही जमत नाही.

आणि एक वही ठेवा. वेळ, आधीच्या पंधरा मिनिटांत काय चाललं होतं, कोण जवळ होतं, शौचाला झालं होतं का, कुठे दुखत होतं का, नंतर कुणी काय केलं. दोन आठवडे घरातल्या सगळ्यांनी एकाच वहीत लिहा. दुखण्याचा रकाना तर हवाच: नॉर्वेतल्या नर्सिंग होममध्ये ३५२ रुग्णांवर झालेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पॅरासिटामॉलपासून सुरू होणारे वेदनेचे उपचार पायरीपायरीने दिल्यावर अस्वस्थपणा स्पष्ट कमी झाला. गुडघे दुखत असतील तर आंघोळीच्या तासभर आधी गोळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

आता त्या नातेवाइकांबद्दल, जे तासभर येतात आणि म्हणतात, ‘आमच्याशी तर छान बोलतात, तुम्हीच चिडवत असाल.’ पाहुण्यासमोर तासभर नीट वागण्याची जुनी सवय बराच काळ शाबूत राहते, आणि पाहुणा त्यांचे कपडे काढत नाही. अशांना सल्ला विचारू नका, पुढच्या आंघोळीला त्यांनाच उभं करा. हेच लोक नंतर ‘गोळी देऊन शांत करा’ म्हणतात. डिमेन्शियाच्या वृद्धांना नव्या पिढीच्या अँटिसायकोटिक (भ्रम आणि आक्रमकपणा शांत करणाऱ्या) गोळ्या देण्याबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २००५ साली मृत्यूचा धोका वाढतो असा ठळक इशारा दिला: साधारण दहा आठवड्यांच्या चाचण्यांत गोळी घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण सुमारे ४.५ टक्के, न घेणाऱ्यांत २.६. २००८ साली जुन्या पिढीच्या गोळ्यांनाही तोच इशारा लागला.

तरीही गोळ्या कधीच नकोत असं माझं म्हणणं नाही. कुणाला खरोखर इजा होण्याची वेळ आली असेल आणि बाकी सगळं करून झालं असेल, तर थोड्या मात्रेत, थोड्या दिवसांसाठी, बंद कधी करायची हे आधी ठरवून. लेवी बॉडी प्रकारचा डिमेन्शिया असेल तर हॅलोपेरिडॉलसारख्या अँटिसायकोटिक औषधाने प्रकृती गंभीर बिघडू शकते, म्हणून प्रकार कोणता हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. आणि वागणं एक-दोन दिवसांत अचानक बदललं असेल तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा: लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं किंवा नवीन सुरू केलेलं औषध, यांपैकी काही आहे का हे त्याच दिवशी तपासून घ्या.