ओंटारिओत जुना टो ट्रक घ्यायचाय? आधी खाली झोपा

दादा, तुम्ही विचारलंय की चिपळूणला महामार्गावर क्रेन चालवता, पुढच्या वर्षी कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात येताय, इथले जुने टो ट्रक, म्हणजे बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारे ट्रक, ऑनलाइन स्वस्त दिसतात, तर आल्या आल्या एक घेऊन टाकू का?

नका. मी टाकला होता. जुलैमधे घेतला, रंग चकचकीत, खाली ताजा काळा लेप, सेल्फ मारला की इंजिन चालू. दुसऱ्या हिवाळ्यात ब्रेकचा पाइप भर रस्त्यात फुटला. गॅरेजवाल्याने लेप खरवडला आणि स्क्रूड्रायव्हर चासीतून आरपार घातला. ट्रक भंगारात गेला, बूम, म्हणजे गाडी उचलायचा दांडा, तेवढा विकला गेला.

गंज म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला मी सांगायला नको. पण तिकडचा खाऱ्या वाऱ्याने येतो, पत्र्यावर दिसतो. इथला खालून चढतो. बर्फ वितळवायला हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. उणे दहाच्या खाली साधं मीठ फारसं चालत नाही, म्हणून कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी मारतात. ते हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे गाडीचं पोट वाळतच नाही. गंमत म्हणजे कडाक्याच्या थंडीत गंज मंद असतो. खरा चढतो तो मार्चच्या चिखलात आणि गरम गॅरेजमधे. म्हणून ‘हीटेड गॅरेजमधे ठेवलेला’ असं जाहिरातीत वाचलं की मी उलट जास्त तपासतो.

त्यात टो ट्रकचं काम रस्त्याच्या कडेला, जिथे सगळा खारट चिखल ढकललेला असतो. शिवाय चासीवर बॉडीची दुसरी फ्रेम बोल्टने आवळलेली. त्या दोन लोखंडांच्या फटीत मीठ बसतं, आणि गंज भिजलेल्या डाळीसारखा फुगून दोन्ही फाकवतो. टॉर्च धरून ती फट पुढून मागे बघा. कुठे लाटेसारखी दिसली तर तिथूनच परत फिरा, भाव करायच्या भानगडीत पडू नका. मग छोटी हातोडी घ्या आणि माठ वाजवून घेतो तशी चासी वाजवा. ठण्ण वाजली पाहिजे. मागच्या स्प्रिंगच्या पाट्या जिथे चासीला टांगलेल्या असतात त्या हँगरपाशी बद्द आवाज हमखास सापडतो. ताज्या काळ्या लेपावर तर मालकाला विचारून टोच्या मारून बघाच. नको म्हणाला तर उत्तर मिळालं.

ब्रेकचे आणि हायड्रॉलिकचे लोखंडी पाइप बघा, चाकं धरून गाडी उचलणाऱ्या व्हील लिफ्टच्या पिना बघा, आणि गाडी ओढायच्या विंचचा दोर शेवटच्या वेढ्यापर्यंत उलगडून बघा. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून न्यायचा सपाट डेकवाला ट्रक, असेल तर डेक पूर्ण मागे सरकवायला लावा आणि खालच्या पट्ट्या बघा.

सेफ्टी सर्टिफिकेट, म्हणजे गाडी तपासल्याचा दाखला, आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. ते ३६ दिवस चालतं आणि फक्त तपासणीच्या दिवशीची अवस्था सांगतं, पुढची हमी देत नाही. जमलं तर पश्चिमेकडच्या अल्बर्टा प्रांतातून आलेली गाडी शोधा. तिकडे थंडी इतकी की रस्त्यावर मिठापेक्षा वाळू-खडीवर भर असतो. घेतल्यावर दर पावसाळ्याआधी आपण छप्पर शाकारतो तसं दर शरद ऋतूत तेलाचा फवारा मारून घ्यायचा. दोन दिवस दारात ठिबकतं, बायको ओरडते. रबरासारखा जाड लेप मात्र नको, त्याच्या आत ओल कोंडते.

आणि ट्रकच्या आधी कागद. २०२४ पासून इथे टोइंगच्या मालकाला आणि ड्रायव्हरला वेगवेगळं प्रांतिक सर्टिफिकेट लागतं. टोरांटोच्या आसपास हायवेच्या काही पट्ट्यांत तर ठरवून दिलेली कंपनीच गाडी उचलते, आपण जाऊन उभं राहून चालत नाही. नव्या माणसाला विम्याचा आकडा ऐकून घाम फुटतो. तो आधी लेखी घ्या, मग ट्रक बघायला निघा. पहिला हिवाळा दुसऱ्याच्या ट्रकवर काढा. निघण्याआधी परवान्याच्या अनुभवाचा दाखला आरटीओतून काढून आणा, इथून तो मिळवायला फार खेटे पडतात.