एका महिन्याच्या फरकात आठ फूट जास्त : घ्यावेत का?

वाचकाच्या पत्राचा गोषवारा असा. नवरा-बायको दोघेही कमावतात. दोन हंगाम इतरांच्या बोटींवर हात चालवून शीड सांभाळायला शिकले आणि आता स्वतःची पहिली शिडाची बोट, अर्थात जुनी, घ्यायची आहे. निवृत्तीचे पैसे बाजूला ठेवून हाताशी २४ महिन्यांच्या घरखर्चाएवढी बचत आहे. पाहिलेल्या बोटींपैकी दोन मनात भरल्या आहेत. पहिली ३४ फुटी, तीस वर्षांची, किंमत ११ महिन्यांच्या घरखर्चाएवढी. तिची शिडं थकलेली आहेत आणि डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा शेवटच्या कधी बदलल्या हे मालकाला आठवत नाही. दुसरी २६ फुटी, तीही जुनीच, किंमत १० महिन्यांची. तिची शिडं तीन वर्षांपूर्वीची आहेत आणि मालकाने देखभालीची वही ठेवली आहे. ते विचारतात, ‘एका महिन्याच्या फरकात आठ फूट जास्त मिळत असतील, तर मोठीच का घेऊ नये? डागडुजीपुरतं वैयक्तिक कर्ज काढता येईल.’

माझं उत्तर आधीच देऊन टाकतो : २६ फुटी घ्या, रोखीने घ्या, आणि तपासणीच्या अटीवरच घ्या.

आता हिशेब. तुमच्याकडे २४ महिन्यांचे पैसे आहेत असं तुम्ही लिहिता, पण ते सगळे बोटीचे नाहीत. सहा महिन्यांचा खर्च आणीबाणीसाठी राहायलाच हवा. मुलीच्या शिक्षणासाठी दोन वर्षांनी पाच महिन्यांएवढी रक्कम लागेल हे तुम्हीच कळवलंय. उरले १३. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि बोट बघायला जाताना खिशात ठेवा.

३४ फुटीचे ११ महिने. नव्या तारा आणि नव्या शिडांची जी दरपत्रकं तुम्ही मागवलीत त्यांची बेरीज ४ महिने होते. म्हणजे १५. इंजिनाचं झाकण अजून उघडलेलंही नाही आणि तुम्ही मर्यादेच्या पलीकडे गेलात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. स्वस्त बोट स्वस्त असते, कारण आधीच्या मालकाने जो खर्च टाळला तो तिच्या अंगावर साचलेला असतो. तुम्ही कर्ज काढणार ते त्याने टाळलेला खर्च फेडायला. शिवाय नवी शिडं आणि नव्या तारा घातल्या म्हणून विकताना किंमत तेवढ्याने वाढत नाही. पुढचा गिऱ्हाईक त्या असायलाच हव्यात असं धरून चालतो.

दरवर्षीचा खर्च तर याहून महत्त्वाचा. बोटीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम वर्षाला लागते, असा एक ठोकताळा सर्वत्र ऐकू येतो. जुन्या बोटीबाबत मी तो वापरत नाही. मरीना, म्हणजे बोटी बांधून ठेवायचा धक्का, जागेचं भाडं बहुधा लांबीवर घेते, तळाला रंग त्याच्या क्षेत्रफळावर लागतो आणि बोट पाण्याबाहेर काढणारा क्रेनवाला लांबी-वजन बघतो. बोट तुम्हाला किती स्वस्त पडली याच्याशी यांपैकी कोणालाच कर्तव्य नसतं. उद्या कोणी ती ३४ फुटी फुकट दिली, तर दहा टक्क्यांच्या हिशेबाने वर्षाचा खर्च शून्य येईल!

आणि आठ फुटांत काय दडलंय ते बघा. २६ वरून ३४ म्हणजे लांबी सुमारे ३१ टक्क्यांनी वाढली. पण बोटीचा घाट तोच धरला, तर शिडाचं आणि तळाचं क्षेत्रफळ लांबीच्या वर्गाने वाढतं, म्हणजे १.७ पट. वजन घनाने वाढतं, म्हणजे सव्वादोन पट. जाड दोर, दोर ओढायचे दणकट विंच, भारी नांगर, मोठं इंजिन, सगळं त्यामागोमाग येतं. तुम्ही पाठवलेल्या दरांवरून जागाभाडं, विमा, बाहेर काढणं, तळाचा रंग आणि किरकोळ सामान मिळून २६ फुटीला वर्षाला दीड महिना आणि ३४ फुटीला अडीच महिने लागतात. पाच वर्षांत मोठी बोट ११ अधिक ४ अधिक १२.५, म्हणजे २७.५ महिने खाईल. लहान बोट, तपासणीचा अर्धा महिना धरून, १८ महिने. विकून काय येईल ते मी दोन्हीकडे शून्य धरलंय. जुन्या बोटीच्या बाबतीत हा निराशावाद मला सोयीचा वाटतो. म्हणजे तुमचा एका महिन्याचा फरक प्रत्यक्षात साडेनऊ महिन्यांचा आहे.

२६ फुटीचा वर्षाचा हा दीड महिना, पहिलं वर्ष सोडलं तर, बचतीतून नव्हे, पगारातून यायला हवा. दरमहा घरखर्चाच्या साधारण आठव्या भागाएवढा तो होतो. बोट घ्यायच्या आधीच तीन महिने तेवढी रक्कम बाजूला काढून बघा. ओढाताण झाली, तर बोटीचं ठरवायची घाई करू नका. इतरांच्या बोटींवर तुम्हाला बोलावणं आहेच, आणि त्याचा खर्च जवळपास काहीच नाही.

पत्नीला ३४ फुटीत उभं राहता येतं आणि स्वतंत्र शौचालय आहे म्हणून ती आवडली, हे तुम्ही पत्राच्या शेवटी घाईघाईत लिहिलंय. मला ते पत्रातलं सगळ्यांत खरं कारण वाटलं. महिना महिना बोटीवर राहायचं असतं, तर मीही २६ फुटीला नाही म्हटलं असतं. पण तुमचा बेत शनिवार-रविवारचा आणि वर्षातून एका आठवड्याचा आहे. मालक तयार असेल तर २६ फुटीवर दोघांनी एक रात्र काढा, शक्यतो पावसात. पत्नीने सकाळी नको म्हटलं, तर माझे वरचे सगळे आकडे बाद समजा आणि मधल्या मापाची तिसरी बोट शोधा. जोडीदाराला नकोशी झालेली बोट जागेवर उभी राहते आणि भाडं भरत राहते.

तपासणीवर कंजुषी नको. सर्वेअर, म्हणजे बोट तपासणारा तज्ज्ञ, तुम्ही निवडा, पैसे तुम्ही द्या. विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचवलेला माणूस घेऊ नका. बोट पाण्याबाहेर काढूनच तपासायची. फायबरग्लासच्या बोटींत डेकच्या दोन थरांमध्ये बहुधा बाल्सा लाकूड, प्लायवूड किंवा फोम असतो. वर बसवलेल्या एखाद्या खुंटीच्या बोल्टच्या भोकातून पाणी झिरपलं की आतलं लाकूड कुजतं, वरून मात्र सगळं चकचकीत दिसतं. सर्वेअर छोट्या हातोडीने ठोकत जातो. निरोगी जागी खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. तळावर बारीक फोड आले असतील तर घाबरून पळू नका, बरेचदा ते भाव उतरवायला उपयोगी पडतात. कील, म्हणजे तळाखालचा वजनदार पंखा, जिथे बोटीला जोडली जाते तिथली भेग किंवा गंजाचे ओघळ मात्र गंभीर. कीलचे बोल्ट उघडून बघावे लागले तर खर्च मोठा. डोलकाठीच्या स्टेनलेस तारा बाहेरून चमकतात आणि टोकाच्या दाबलेल्या जोडात आतून झिजतात. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांनी त्या बदलल्याचा पुरावा अनेक विमा कंपन्या मागतात.

२६ फुटीला मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन आहे, ही आणखी एक जमेची बाजू. बिघडलं तर काढून मेकॅनिककडे नेता येतं, फारच झालं तर दुसरं घेता येतं. मालकाला सांगा की तुम्ही येण्याआधी ते सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन दोरीच्या किती ओढण्यांत सुरू होतं ते तुम्हाला बघायचंय. निळा धूर येतच राहिला तर तेल जळतंय का, हे मेकॅनिकला विचारा.

कागदपत्रांत आधीच्या खरेदी-विक्रीची सलग साखळी, नोंदणी आणि बोटीवर कर्ज नसल्याचा दाखला हवा. बऱ्याच देशांत काही प्रकारची थकबाकी मालकाला नव्हे, बोटीलाच चिकटते आणि नव्या मालकाकडून वसूल होते. विमा घेताना बोटीच्या किमतीपेक्षा दोन गोष्टी आधी विचारा : इतरांच्या नुकसानीची भरपाई आणि बुडाली तर सांगाडा हलवायचा खर्च. दुसरा खर्च कधीकधी बोटीच्या किमतीपेक्षा जास्त होतो, आणि तो तुमच्याच माथी येतो.

बोलणी अशी करा. ९ महिन्यांपासून सुरुवात करा आणि १० वर थांबा. इसार दहा टक्क्यांहून जास्त नको. तपासणी आणि पाण्यावरची चाचणी समाधानकारक नसेल तर इसार परत, हे लेखी घ्या. १० महिने किंमत, अर्धा तपासणी आणि नाव बदलण्याला, दीड पहिल्या वर्षाला, म्हणजे १२ झाले. एक महिना हाती उरतो. अहवालात एका महिन्यापर्यंतची कामं निघाली तर घ्या. त्याहून जास्त निघाली तर वरची रक्कम किमतीतून वजा करायला सांगा. मालक नाही म्हणाला तर सोडून द्या, तपासणीचे पैसे गेले तरी. ३४ फुटीच्या मालकाला मात्र आजच नकार कळवा. नाहीतर तो पुढच्या आठवड्यात भाव उतरवेल आणि तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल.